खांदेपालट : हाताचा शीण व सोयीची साधने

(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान व आरोग्य)

उद्देश : १. एकच हालचाल पुनःपुन्हा केल्याने हातास इजा कशी होते, हे मुलांस समजावे. २. हत्यार व कामाची रीत बदलल्यास दुखऱ्या हाताचा मनुष्यही आपले काम करू शकतो, हे त्यांच्या ध्यानी यावे. ३. दुखणाऱ्या हातास आळशी म्हणू नये, ही वृत्ती त्यांच्यात बाणावी.

साहित्य : नऊ पेन्सिली, सुतळी, सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे कडे, चिंध्या.

प्रास्ताविक

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखाने वाढत गेले. पुढे हा पट्टा खेड तालुक्यात कुरुळी, निघोजे, महाळुंगे व चाकण येथवर पसरला. या भागातील शाळांत येणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील पाळीने कामावर जातात. कोणी दिवसभर मोटारीचे बोल्ट आवळतो, कोणी विजेच्या तारांच्या जुड्या बांधते, कोणी संगणकावर नोंदी करते.

अशा कामकऱ्यांपैकी काहींचा हात हळूहळू दुखू लागतो. भरलेली कळशी उचलताना तो थरथरतो. रात्री बोटांना मुंग्या येऊन झोप मोडते. घरात त्यास ‘वाताचे दुखणे’ म्हणून सोडून देतात. कंत्राटी कामगार तर काम सुटेल या भीतीने ते कोणास सांगतही नाही. मूल मात्र हे सारे पाहत असते. काल आपल्याला उचलून घेणारी आई आज डब्याचे झाकणही का उघडू शकत नाही, हे त्यास कळत नाही. त्याला कारण समजावे, हा या पाठाचा हेतू होय.

१. हातात काय घडते?

पहिली कृती : प्रत्येक मुलाने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग डाव्या हाताने धरावा व उजवी बोटे भराभर मिटावी, उघडावी. हालचाल दिसते बोटांत, परंतु हातास जाणवते ती कोपराजवळ. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू तेथेच असतात. त्यांच्यापासून निघालेल्या चिवट दोऱ्या, म्हणजे स्नायुरज्जू, मनगटातून बोटांपर्यंत जातात.

दुसरी कृती : ट्यूबच्या कड्यातून नऊ पेन्सिली व एक सुतळी ओवावी. मनगटातील अरुंद वाटेतून असेच नऊ स्नायुरज्जू व एक मज्जातंतू जातो. सुतळी सहज सरकते, हे मुलांस पाहू द्यावे. नंतर चार-पाच पेन्सिलींवर चिंध्या गुंडाळून त्या पुन्हा ओवाव्या. आता सुतळी अडकते. स्नायुरज्जूंची वेष्टने सुजली की मज्जातंतू असाच दाबला जातो आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची आतली बाजू बधिर होते. करंगळीस मात्र हा मज्जातंतू जात नाही. म्हणून ती बहुधा सुटते.

थोडे श्रम झाले तर विश्रांतीने झीज भरून निघते. परंतु तीच हालचाल, तोच जोर, वाकलेले मनगट, हत्याराचा कंप आणि अपुरी विश्रांती ही एकत्र आली की झीज भरण्याआधीच नवी झीज होते. दुखणे सांगून दडपले तर ते महिनोन्‌महिने रेंगाळते; क्वचित कायमचे सोबती होते.

२. दुखणे नवे नव्हे

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने कामकऱ्यांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या हाताच्या व्यथेची चर्चा केली व तिचे मूळ सततचे बसणे, हाताची एकच एक हालचाल आणि मनावरचा ताण यांत शोधले. रोग्यास त्याचा धंदा कोणता हेही वैद्याने विचारावे, हा त्याचाच आग्रह. तेव्हा टाक होता, आज कळफलक आहे. हात तोच आहे.

३. उपाय : खांदेपालट

पालखी वाहणारे भोई वाटेत खांदा बदलतात. ओझे तेच राहते, परंतु ते एकाच खांद्यावर राहत नाही. या विकारातील सर्व सोयीच्या साधनांचे तत्त्व हेच आहे.

कारखान्यात जड हत्यार छतास टांगलेल्या स्प्रिंग बॅलन्सरवर तोलून धरतात. त्याचे वजन हातावर येत नाही. बोल्ट आवळताना बसणारा झटका आधारदांड्यावर घेता येतो. मनगट सरळ राहील अशी मूठ निवडतात, बाकाची उंची माणसाप्रमाणे ठेवतात आणि कामगारांची जागा ठरावीक वेळाने पालटतात.

संगणकावर दुभागलेला कळफलक, उभा माउस, चेंडूचा माउस, पायाने दाबावयाचे बटण अशी साधने मिळतात. मराठी लिहिणारास इन्स्क्रिप्ट कळफलक सोयीचा ठरू शकतो. त्यात स्वर डाव्या व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असल्याने श्रम वाटले जातात. २०१७ साली गूगलने मराठीत आवाजाने लिहिण्याची सोय दिली, त्यामुळे बोटे न हलविताही पत्र लिहिता येते. गोंगाटात मात्र ती चुकते व विशेषनामे पुन्हा तपासावी लागतात.

येथे एक सावधगिरी सांगावी. उजवा हात दुखतो म्हणून सारे काम डाव्यावर टाकले तर डावाही दुखू लागतो. दिवसभर बोलून लिहिले तर घसा बसतो. एकही साधन रामबाण नाही. काही वेळ आवाज, काही वेळ कळफलक, मध्ये विश्रांती, असा पालट ठेवणाराच दीर्घकाळ काम करू शकतो. दुखणे असूनही नीट जगण्याची हीच रीत आहे.

प्रत्येक हातदुखी याच कारणाची नसते. म्हणून मुंग्या, बधिरपणा वा पकडीतील अशक्तपणा राहिल्यास लवकर डॉक्टरांस दाखवावे व आपले काम कोणते ते त्यांस सांगावे.

४. शाळेत काय करावे?

लिहिताना हात दुखतो म्हणणाऱ्या मुलास प्रथम खोटे ठरवू नये. त्याची पेन्सिलीवरील पकड, बसणे व पाटीची उंची पाहावी. पेन्सिलीवर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी. शिक्षा म्हणून शंभर वेळा एकच ओळ लिहविण्याची प्रथा टाकून द्यावी. दीर्घ लेखनात मध्येच थांबून बोटे मोकळी करवावी. ज्या मुलास अपंगत्वामुळे लिहिता येत नाही, त्यास परीक्षेत लेखनिक व अधिक वेळ मिळण्याची तरतूद आहे. तिची माहिती पालकांस शिक्षकांनीच द्यावी.

वर्गात कोणाच्या आईवडिलांचे दुखणे नावानिशी विचारू नये. घरच्या कामांची यादी मात्र सर्वांकडून करवावी व त्यांतील कोणते काम मुले वाटून घेऊ शकतील ते ठरवावे. कळशी दोघांनी उचलणे हीही खांदेपालटच होय.

प्रश्न

१. बोटे वाकविणारे मुख्य स्नायू कोठे असतात?
२. दुसऱ्या कृतीत सुतळी का अडकली?
३. खुरपणी, कांदे निवडणे, भाकरी थापणे यांत कोणती हालचाल पुनःपुन्हा होते? तीत पालट कसा करता येईल?
४. आपल्या घरातील एका हत्याराची मूठ पाहा. ती धरताना मनगट सरळ राहते काय?