दूरचित्रवाणी, गोष्ट आणि इंग्रजीचा तास

राज्यातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी हा विषय इयत्ता पाचवीपासून शिकविला जाई. सन २००० पासून तो इयत्ता पहिलीपासून सुरू करण्यात आला. या निर्णयास आता दोन तपांचा काळ लोटला आहे. या अवधीत पाठ्यपुस्तके बदलली, प्रशिक्षण वर्ग झाले, अनेक गावांनी लोकवर्गणीतून आपल्या शाळेस दूरचित्रवाणी संचही घेऊन दिले. तथापि ग्रामीण भागात फिरताना एक अनुभव वारंवार येतो. धड्याखालील प्रश्नांची उत्तरे शुद्ध इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी त्याच भाषेतील साध्या प्रश्नापुढे मूक होतो.

प्रस्तुत लेखकास अशाच एका शाळेत जाण्याचा योग आला. चौथीतील एका मुलीची वही नीटनेटकी होती आणि इंग्रजीत गुणही चांगले होते. तिच्या भावाचे नाव काय, असे इंग्रजीत विचारताच ती खाली मान घालून उभी राहिली. शाळेचा दूरचित्रवाणी संच मुख्याध्यापकांच्या खोलीत भरतकामाच्या आच्छादनाखाली सुरक्षित होता. तो का वापरीत नाही, असे विचारता गुरुजी प्रांजळपणे म्हणाले, “लावला तर मुले बघत बसतात. शिकत काहीच नाहीत. आणि साहेब, माझे स्वतःचे उच्चार तरी कुठे धड आहेत?”

गुरुजींच्या या उत्तरात दोन अडचणी आहेत. नुसता संच लावून मुले शिकत नाहीत, ही पहिली. शिक्षकास स्वतःच्या उच्चारांचा भरवसा नाही, ही दुसरी. या दोन्ही अडचणी एकमेकींच्या साहाय्याने सोडविता येतात, हे या लेखात सांगावयाचे आहे.

कानाची उपासमार

मूल मातृभाषा शिकते ते प्रथम ऐकून. बोलू लागण्यापूर्वी सुमारे वर्षभर ते घरातील बोलणे ऐकत असते. अक्षरओळख त्यानंतर कित्येक वर्षांनी होते. आपल्याकडे इंग्रजीचा क्रम उलटा राहिला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांचे व्याकरण पक्के झाले यात शंका नाही; परंतु ती भाषा त्यांच्या कानांवर क्वचितच पडे. आजही खेड्यातील मुलास शाळेच्या तासिकेबाहेर इंग्रजी संभाषण फारसे ऐकावयास मिळत नाही.

याचे परिणाम उच्चारांत दिसतात. मराठीत ‘व’ हे एकच अक्षर आहे. इंग्रजीत त्याच्या जागी दोन ध्वनी आहेत. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठास लागतात, तर ‘वेट’ म्हणताना ओठ गोल होतात. मराठीत शब्दातील अक्षरांना बहुधा सारखेच वजन मिळते. इंग्रजीत एका अवयवावर आघात पडतो आणि शेजारचा अवयव जवळजवळ गिळला जातो. केळ्याचे इंग्रजी नाव उच्चारून पाहिल्यास हे ध्यानी येईल. बुधवारचे इंग्रजी नाव पुस्तकात वाचणारे मूल त्यातील न उच्चारावयाचे ‘ड’ हे अक्षरही उच्चारते. या गोष्टी फळ्यावर लिहून शिकविता येत नाहीत. त्या ऐकूनच अंगवळणी पडतात, आणि येथे दूरचित्रवाणी उपयोगी ठरते.

संच एकटा शिकवीत नाही

दूरचित्रवाणीचा शिक्षणासाठी वापर आपल्या देशास नवा नाही. सन १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत कार्यक्रम पोचविण्यात आले. त्यांत सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. पुढे महाराष्ट्रात पुणे येथील ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. ती संस्था नंतर बंद झाली. सन २०२० मध्ये, शाळा बंद असताना, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ या मालिकेने अनेक घरांत पाठ पोचविले.

मात्र भाषा शिकण्याच्या बाबतीत पडद्यास एक मर्यादा आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग सन २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा बैठकांत प्रत्यक्ष खेळल्या व बोलल्या. त्या बालकांना चिनी भाषेतील ध्वनींचा भेद ओळखू येऊ लागला. दुसऱ्या गटास तेच बोलणे पडद्यावर दाखविले असता असा लाभ दिसला नाही. शाळकरी मुले ही तान्ही बालके नव्हेत हे खरे. तरीही प्रतिसाद देणारे माणूस समोर असण्याचे महत्त्व या प्रयोगावरून ध्यानात येते. गुरुजींचा अनुभव बरोबर होता. संच लावून शिक्षक बाजूला झाले की मुले केवळ प्रेक्षक होतात.

परिचित गोष्टीपासून आरंभ

प्रेक्षकांस वक्ते करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे गोष्ट. वर उल्लेखिलेल्या मुलीस आम्ही काऊ-चिऊची गोष्ट सांगावयास सांगितली. शेणाचे घर, मेणाचे घर, मोठा पाऊस आणि बंद दार हे सारे तिने हातवारे करून मराठीत रंगवून सांगितले. हेच भांडवल इंग्रजीच्या तासास वापरावयाचे आहे.

या गोष्टीची रचना भाषाशिक्षणास अत्यंत अनुकूल आहे. काऊ पुनःपुन्हा दार उघडावयास सांगतो. चिऊ दर वेळी बाळाचे एक नवे काम पुढे करते. इंग्रजीत काऊ म्हणेल, “ओपन द डोअर.” चिऊ उत्तर देईल, “वेट, आय अ‍ॅम वॉशिंग माय बेबी.” मग पुसणे, अंगडे घालणे, भरविणे, निजविणे अशी क्रियापदे बदलत जातील आणि वाक्याचा साचा तोच राहील. येथे व्याकरणाचा एक मुद्दाही सहज साधतो. मराठीतील चिऊ ‘बाळाला न्हाऊ घालते’ एवढेच म्हणते आणि क्रिया आता चालू आहे हे आपणांस कळते. इंग्रजीत त्यासाठी चालू वर्तमानकाळच योजावा लागतो. मराठी भाषिकांची नेहमी होणारी ही चूक व्याख्या पाठ न करताही सुधारते. गोष्टीचा अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे मुलांचे सारे लक्ष भाषेकडे राहते.

तीन मिनिटांचा पाठ

अशा गोष्टींनी कान तयार झाल्यावर पडद्याकडे वळावे. संपूर्ण कार्यक्रम दाखवू नये. संथ व स्पष्ट इंग्रजी बोलल्या जाणाऱ्या बालकार्यक्रमातील तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा. प्रसंग आपल्या जीवनाच्या जवळचा असेल तर उत्तम. आर. के. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ ही मालिका १९८६ साली दूरदर्शनवर गाजली. तिचे काही भाग इंग्रजीतही चित्रित झाले होते. शाळा चुकवू पाहणारा स्वामी आपल्या मुलांना परका वाटत नाही.

निवडलेला प्रसंग एका आठवड्यात पुढील क्रमाने घ्यावा :

१. पहिल्या दिवशी आवाज बंद ठेवून दृश्य दाखवावे. काय घडले असावे, हे मुलांना मराठीत बोलू द्यावे.

२. दुसऱ्या दिवशी आवाजासह दाखवावे. ओळखू आलेले शब्द मुलांनी सांगावेत, शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत.

३. तिसऱ्या दिवशी एकेका वाक्यानंतर संच थांबवावा. वर्गाने ते वाक्य त्याच चढउतारांसह म्हणावे. शिक्षकांनीही मुलांबरोबर म्हणावे. त्यात कमीपणा मानू नये.

४. चौथ्या दिवशी मुलांनी पात्रे वाटून घेऊन प्रसंग सादर करावा.

५. पाचव्या दिवशी तोच प्रसंग गोष्टीच्या रूपाने, चार-पाच वाक्यांत का होईना, इंग्रजीत सांगावा. पात्रांची नावे व गाव बदलण्यास मुभा असावी. सांगताना चूक झाल्यास मध्येच अडवू नये.

पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या लिखित ओळींविषयीही एक सूचना आवश्यक आहे. नेदरलँड्समधील मिटरर व मॅक्वीन या संशोधकांनी सन २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डच विद्यार्थ्यांना अनोळखी धाटणीचे इंग्रजी ऐकविले. सोबत इंग्रजी ओळी वाचणाऱ्यांचे कान त्या उच्चारांस लवकर सरावले. डच भाषेतील ओळींमुळे मात्र नवे बोलणे ओळखण्यात अडथळा आला. ते विद्यार्थी इंग्रजी जाणणारे होते हे लक्षात घ्यावे. आपल्या लहान मुलांना प्रसंगाचा अर्थ मराठीतून अवश्य सांगावा. नंतर वाचता येणाऱ्या वर्गांत तिसऱ्या दिवसापासून इंग्रजी ओळी दाखवाव्यात, म्हणजे ध्वनी व अक्षर यांची सांगड बसेल.

ग्रामपंचायतीचे साहाय्य

या पद्धतीत शुद्ध उच्चार संच ऐकवितो आणि संभाषण शिक्षक घडवितात. त्यामुळे स्वतःच्या इंग्रजीविषयी संकोच बाळगणाऱ्या शिक्षकासही हा तास घेता येतो. यासाठी मोठा खर्च येत नाही. संच वर्गात असावा, वीजदेयक वेळेवर भरले जावे आणि शाळेच्या वेळेत वीज नसल्यास पर्यायी सोय असावी, एवढे ग्रामपंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने पाहिले तरी पुष्कळ होईल. अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी संचाची नोंदवहीतील नोंद पाहून न थांबता एखाद्या मुलास इंग्रजीत गोष्ट सांगावयास सांगावे.

निरोप घेण्यापूर्वी त्या मुलीस आम्ही चिऊचे एक वाक्य इंग्रजीत म्हणून दाखविले. पहिल्यांदा ती लाजली, दुसऱ्यांदा कुजबुजली. तिसऱ्यांदा सारा वर्ग काऊ होऊन दार ठोठावू लागला, तेव्हा तिने ठसक्यात ‘वेट’ म्हणून सर्वांना दाराबाहेर थांबविले. गुरुजींनी त्याच दिवशी संचावरील आच्छादन काढले. गावोगावच्या शाळांतील संचही असेच मुलांसाठी खुले व्हावेत.