अंग झोपले, मन जागे

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रात्रीच्या एसटीत बसलात, तर पुढच्या बाकावरच्या प्रवाशांच्या माना पाहा. एखादी मान हळूहळू कलते, हनुवटी छातीला टेकते आणि एकदम झटका बसून गृहस्थ ताठ होतात. "झोप लागली होती का?" असे विचाराल तर "छे, जागाच होतो!" असे उत्तर मिळेल. ते खोटे बोलत नसतात. मान झोपली होती, ते स्वतः अजून पुरते झोपले नव्हते, इतकेच. दिव्याचे बटण दाबावे तशी झोप एका क्षणात येत नाही. आधी स्नायू सैल पडतात, डोळे मिटल्या मिटल्या संथ फिरू लागतात, मेंदूतील विद्युत्-लहरी सेकंदाला आठ-तेरावरून चार-सातापर्यंत उतरतात, आणि त्या संधिकाळात रंग, चेहरे, अर्धवट वाक्ये दिसू-ऐकू येतात.

या उंबरठ्यावर जागे राहिले तर काय होते?

मी नववीत असतानाची गोष्ट सांगतो. टोकावड्याला आमचे भात कापून खळ्यावर आले होते आणि रात्री राखणीला वडिलांबरोबर मी होतो. डुकरांच्या चाहुलीने दोन-तीनदा उठावे लागले. पहाटे पडलो तो उताणा. थोड्या वेळाने जाग आली, पण बोटही हलेना. छातीवर कोणीतरी बसले होते. ओरडावे तर आवाज फुटेना. मग एकाएकी हलके वाटले आणि मी वरून खाली पाहू लागलो : खाली गोधडीत मीच झोपलेला, उशाशी पेटता कंदील.

आजीने दुसऱ्याच दिवशी भगताकडे नेले. अंगारा लावून झाला. भीती मात्र गेली नाही. कित्येक रात्री मी कुशीवर, आईला खेटून झोपत असे.

हे काय होते, त्याचा उलगडा मला फार उशिरा झाला. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत काही काळ मिटलेले डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेत मेंदूचा देठ हातापायांच्या स्नायूंना जाणारे हुकूम अडवून धरतो. नाहीतर स्वप्नात धावणारा मुलगा खरोखरच खाटेवरून पळाला असता. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे मोकळे असतात. एरवी झोपी गेल्यावर सुमारे दीड तासाने ही अवस्था येते. पण झोप वारंवार मोडली असली, विशेषतः पहाटे, तर ती लवकर येऊन गाठते, आणि कधी कधी तिच्यातच भान जागे होते. मग अंग बांधलेले, मन जागे आणि स्वप्नही चालू, अशी त्रेधा उडते. खोल श्वास घ्यावा तर छातीचे सैल स्नायू साथ देत नाहीत. तेच छातीवरचे ओझे!

आणि वर तरंगणे? आपण अमुक जागी आहोत हे मेंदू डोळे, त्वचा, स्नायू आणि कानातील तोलाचे इंद्रिय यांच्या बातम्या जुळवून ठरवतो. २००२ साली जिनिव्हाच्या ओलाफ ब्लांके यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वर व किंचित मागे असलेल्या भागाला सौम्य विद्युत्प्रवाह दिला, तेव्हा आपण वरून स्वतःला पाहत आहोत असे तिने सांगितले. प्रवाह त्या जागी दिला की हा अनुभव पुन्हा येई. ही जुळणी बिघडली म्हणजे 'मी' शरीराबाहेर गेल्यासारखा वाटतो. सूक्ष्मदेहाने फिरून आलो असे सांगणारे सगळेच लबाड नसतात. अनुभव खरा असतो; प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे.

स्वप्नात भान राहते, हे तर प्रयोगशाळेत सिद्धच झाले आहे. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ले याच्याशी आधी खूण ठरवली होती. स्वप्न पडते आहे हे कळताच त्याने डोळे डावी-उजवीकडे आठ वेळा फिरवले आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. २०२१ साली चार देशांतील संशोधकांनी तर स्वप्न पाहणाऱ्यांना 'आठातून सहा गेले किती?' अशी गणिते घातली. १५८ प्रयत्नांत २९ बरोबर उत्तरे आली. निम्म्याहून अधिक वेळा काहीच उत्तर आले नाही. पण एकही बरोबर उत्तर झोपेतून येणे म्हणजे केवढी गोष्ट, विचार करा!

लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांची मोजमापे घेण्यास सुरुवात केली, ती याच वृत्तीने : दावा आहे ना, मग मोजून पाहू. तुम्हीही पाहा. रविवारी दुपारी खुर्चीत रेलून हातात डाव धरा, खाली स्टीलचे ताट ठेवा. डुलकी लागताच डाव पडेल, ताट वाजेल. त्या क्षणी मनात काय होते ते वहीत उतरवा. एडिसन धातूचे गोळे धरून असेच करीत असे म्हणतात. पहाटेचा गजर लावून झोप मोडण्याचा उद्योग मात्र करू नका. वाढत्या वयाला आठ-दहा तासांची झोप हवी, आणि मोडलेली झोप वर्गात भरून काढावी लागते हे गुरुजींना लगेच कळते.

अंग बांधल्यासारखे झालेच तर झटापट करू नका. श्वास संथ चालू द्या, पायाचा अंगठा हलवण्याचा प्रयत्न करा. काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत सुटका होते. असे वरचेवर होत असेल आणि दिवसाही अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि वरून खोली दिसली, तर? ० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करा. रोज संध्याकाळी घरातील कोणी तरी, तुमच्या नकळत, त्यांतील एक कपाटाच्या माथ्यावर उघडी ठेवावी. एकदा आकडा जुळला तर हुरळू नका. दहात एक वेळ तो नुसत्या अंदाजानेही जुळतो. माझ्या वहीत अशा दोन नोंदी आहेत. एकदा मला ४ दिसला, चिठ्ठी ९ ची होती. दुसऱ्यांदा ७ दिसला, चिठ्ठी २ ची होती.

खळ्यावरच्या त्या पहाटेबद्दल मी वडिलांना पुढे कितीतरी वर्षांनी विचारले. ते म्हणाले, "कंदील कुठला? रॉकेल संपलं म्हणून मी तो मध्यरात्रीच घरी नेला होता."