उन्हाळ्यांतील उपास : उत्तम शुक्रवारासाठीं तयारी

शास्त्रपाठ : जखऱ्या ७:१-१०, १ शमुवेल १४:२४-३०, योहान १९:२८-३०.

पुनरुत्थानाचा सण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारीं धरितात. त्यामुळें उत्तम शुक्रवार २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यानच येतो. २०१९ सालीं तो १९ एप्रिलला आला व २०२५ सालीं १८ एप्रिलला. ज्या देशांतून मिशनरी आमच्याकडे आले तेथें हे दिवस थंडी सरल्याचे असतात. आमच्या नगर-सोलापुराकडील खेड्यांत त्याच दिवसांत विहिरींचा तळ दिसूं लागतो. अशा वेळीं दुपारीं बारापासून तिनापर्यंत पत्र्याच्या छपराखालीं उपाशीं बसून वधस्तंभावरील सात वचनांचें मनन करावयाचें, तर त्याचा विचार अगोदर झाला पाहिजे.

हा पाठ लिहिण्यास एक कारण घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान मंडळींत ही उपासना आमच्याकडे होती. आदल्या रविवारीं आम्हींच मोठ्या आवेशानें, पाण्याचा थेंबही घेऊं नये, असें सांगितलें होतें. चौथें वचन संपत आलें तोंच मागें बसलेली एक वृद्ध विधवा कोसळली. ती दोन कोस उन्हांत चालत आली होती. तिला सांवलींत नेलें, शुद्धीवर आल्यावर पाणी पुढें केलें, तर ती ओठ मिटून घेई व म्हणे, "पाळकसाहेबांनीं नको म्हटलें आहे." देवाच्या कृपेनें ती वांचली. पुढचें वचन तहानेचें होतें. तें आम्हांस त्या दिवशीं सांगतां आलें नाहीं.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. जखऱ्याच्या काळीं यहूदी लोक चौथ्या व पांचव्या महिन्यांत उपास करीत. यरुशलेमचा तट फुटला व मंदिर जळालें त्याची ती आठवण होती. हे महिने आमच्या जून ते ऑगस्टच्या सुमारास येतात, आणि त्या देशांत तेव्हां पाऊस नसून कडक ऊन असतें. म्हणजे उन्हाळ्यांतील उपास देवाच्या लोकांस नवा नाहीं. परंतु देवानें त्यांस ऊन किती सोसलें हें विचारलें नाहीं. हें सर्व तुम्हीं माझ्याकरितां केलें काय, एवढेंच विचारलें, आणि लगेच विधवा, पोरकीं, परके व गरीब यांची गोष्ट काढिली. ती विधवा आमच्या मंडळींत शेवटच्या रांगेंत बसली होती.

दुसरा उतारा शौल राजाचा. त्यानें लढाईच्या दिवशीं सायंकाळपर्यंत कोणीं अन्न खाऊं नये अशी शपथ घातली. लोक थकून गेले. योनाथानास ती शपथ ठाऊक नव्हती. त्यानें काठीच्या टोकानें मध चाखला व त्याचे डोळे टवटवीत झाले. बापानें लोकांस संकटांत घातलें, असें तो उघड बोलला. उपदेशकबंधूंनीं हा उतारा आधीं स्वतःस वाचून दाखवावा. दुसऱ्याच्या पोटावर उपास लादणें सोपें असतें.

आणि आपला प्रभु? त्यानें वधस्तंभावर आपली तहान लपविली नाहीं. त्यानें ती सांगितली, आणि आंब पुढें केली ती घेतली. तहान लागली असें म्हणण्याची लाज त्याच्या शिष्यांस कां वाटावी?

आतां तयारी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलें, अशक्त वृद्ध, आजारी माणसें, मधुमेहाचें औषध किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले, यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपास धरूं नये. त्या दिवशीं साधें जेवून जें वांचेल तें गरिबास द्यावें. ज्यास मजुरीसाठीं उन्हांत राबावें लागतें त्यानें पाणी मुळींच सोडूं नये. जॉन वेस्ली हे शुक्रवारीं दुपारीं तीनपर्यंतच उपास करीत, आणि शरीर हें देवाचें देणें असल्यामुळें शक्तीप्रमाणें उपास करावा असें शिकवीत. आमच्या मतें आमच्या हवेंत अन्नाचा उपास पुरे, पाणी घ्यावें.

चहा आठवडाभर आधींपासून एकेक कप कमी करीत जावा. दिवसांतून पांच कप घेणाऱ्यानें तो एकदम सोडला, तर शुक्रवारीं प्रार्थनेऐवजीं डोकेंच दुखत राहतें. पाणी बुधवारपासून दिवसभर थोडें थोडें प्यावें. रात्रीं एकदम तांब्याभर प्याल्यास तें लघवीवाटे निघून जातें. लघवी गडद पिवळी होऊं लागली तर पाणी कमी पडलें असें समजावें. गुरुवारीं संध्याकाळीं ज्वारीची भाकरी, वरण, काकडी, ताक असें जेवावें. लोणचें, पापड व तळलेले पदार्थ तहान वाढवितात. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या घरांतूनही खोटी नाहीं, हें हंसत कबूल करावें.

देवळांत दोन माठ ठेवावेत, खिडक्या उघड्या असाव्यात, दूरच्या लोकांनीं ऊन चढण्यापूर्वीं यावें. कोणास चक्कर आली तर सांवलींत निजवून पाय उंच करावेत. शुद्धीवर असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखर सहा सपाट चमचे व मीठ अर्धा चमचा (चहाचा चमचा) घालून घोट घोट पाजावें. अंग तापून माणूस असंबद्ध बोलूं लागल्यास तो उष्माघात असूं शकतो. ओल्या कपड्यानें अंग पुसावें, वारा घालावा व ताबडतोब १०८ वर गाडी बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

उपास सोडतांना आधीं पाणी, मग आंबील, आणि तासाभरानें जेवण.

त्या मंडळींत आतां उपासनेच्या आरंभींच पाणी फिरवितात. गुरुवारीं रात्रीं माठ भरून ठेवण्याचें काम त्या वृद्ध बाईनें स्वतः मागून घेतलें आहे.