भाताचे शेत आणि प्राथमिक विज्ञान : तंजावरचा पाठ

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी आधुनिक विद्यांच्या अध्यापनासाठी ‘नवविद्या कलानिधी शाळा’ स्थापन केली आणि वनस्पती व प्राण्यांची चित्रेही तयार करवून घेतली. निरीक्षणातून शिकण्याची ही दृष्टी प्राथमिक शिक्षणात आजही मोलाची आहे. जीवनचक्र, आनुवंशिक गुण व अधिवास या संकल्पना बहुधा स्वतंत्र व्याख्यांच्या रूपाने पाठ करून घेतल्या जातात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र त्या एकाच भातशेतात पाहावयास मिळतात.

जीवनचक्र

मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार १२ जूनला सोडले जाते आणि ‘कुरुवै’ हंगाम सुरू होतो. बियाणे, रोप, फुटवे, पोटरी, फुलोरा, दाणा भरणे आणि पुन्हा बियाणे असा हा क्रम आहे. कुरुवैतील एडीटी ४३ हे वाण सुमारे ११० दिवसांत, तर ‘सांबा’ हंगामातील सीआर १००९ सुमारे १५५ दिवसांत तयार होते. फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत दोहोंना साधारण ३० दिवसच लागतात. फरक पडतो तो मुख्यत्वे सुरुवातीच्या वाढीच्या काळात. विद्यार्थ्यांनी तारखांची नोंदवही ठेवल्यास हे त्यांना स्वतःच उमगेल.

आनुवंशिक गुण

खताअभावी खुजे राहिलेले रोप आणि मुळातच बुटक्या वाणाचे रोप सारखेच दिसू शकते. परंतु पहिल्याचे बी सकस जमिनीत पेरल्यास रोप पूर्ण वाढते. दुसऱ्याचे बुटकेच राहते. परिस्थितीचा परिणाम आणि वारशाने आलेला गुण यांतील हा भेद होय. सीआर १००९ मध्ये ओडिशातील पारंपरिक वाणापासून मिळालेला ‘सब-१’ हा जनुक आणून सीआर १००९ सब-१ विकसित करण्यात आले. ते सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरू शकते. ईशान्य मोसमी पावसात सांबा पीक बुडण्याचा धोका असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचे संरक्षण आहे.

अधिवास

बेडूक व चतुर हे दोघेही अंडी पाण्यात घालतात आणि त्यांची पिल्लेही पाण्यातच वाढतात. वाढ पूर्ण होण्यापूर्वीच खाचर आटले, तर त्यांचे जीवनचक्र खंडित होते. हे दोन्ही प्राणी कीटक खात असल्याने त्याची झळ पिकालाही पोहोचते. अधिवास म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. जीवनचक्राचा प्रत्येक टप्पा पूर्ण होण्यासाठी लागणारी परिस्थितीही त्यात येते, हे येथे स्पष्ट होते.

विकासाशी संबंध

१९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावरचा समावेश होता. नवे बियाणे आले, उत्पादन वाढले. पण बियाण्याची निवड समजून-उमजून करावयाची, तर तिचा पाया शाळेतच घातला गेला पाहिजे. शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे, हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ चे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. नोंदवही, जवळचे शेत आणि मुलांच्या प्रश्नांना वेळ देणारा शिक्षक पुरेसा आहे. कलम २१-क ने ६ ते १४ वयोगटाला दिलेल्या शिक्षणाच्या हक्काचे खरे मोल पटावरील संख्येइतकेच या आकलनावरही अवलंबून आहे.