ठिणगीच्या कामाला शुद्ध पाण्याची साथ

प्लास्टिकची बादली, औषधाच्या बाटलीचे झाकण, विजेच्या मीटरची पेटी, दुचाकीच्या इंजिनाचे आवरण या सर्व वस्तू साच्यातून तयार होतात. साचा जितका अचूक, तितकी वस्तू निर्दोष. परंतु साच्याचे पोलाद एकदा पाणी देऊन कठीण केले, की सामान्य हत्यारांना ते दाद देत नाही. टंगस्टन कार्बाइडसारखे पदार्थ तर त्याहूनही कठीण असतात. अशा धातूंना हवा तो आकार देण्याचे काम आज विजेची ठिणगी करते आणि त्या ठिणगीला शिस्त लावण्याचे काम अनेक यंत्रांत पाणी करते. हे पाणी नेहमीच्या वापरातील पाण्याहून फार वेगळे असते. ते तसे का असावे लागते आणि वापरानंतर त्याची व्यवस्था कशी लावावी लागते, हे समजून घेणे कारखानदारांइतकेच शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांनाही उपयुक्त आहे.

शोधाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघातील बोरिस आणि नताल्या लाझारेंको या शास्त्रज्ञ दांपत्याकडे एक वेगळीच समस्या सोपविण्यात आली होती. विद्युत् मंडल जोडताना आणि तोडताना उडणाऱ्या ठिणग्यांमुळे टंगस्टनचे संपर्कबिंदू झिजत असत. ही झीज थांबविण्याचा उपाय त्यांनी शोधावा, अशी अपेक्षा होती. झीज थांबली नाही. मात्र संपर्कबिंदू तेलात बुडविले असता ठिणग्या अधिक नियमित पडतात, असे त्यांच्या लक्षात आले. जी झीज टाळता येत नाही तीच कामाला लावावी, या विचारातून १९४३ मध्ये ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत जन्माला आली. कारखान्यात तिला ‘स्पार्क इरोजन’ किंवा ‘ईडीएम’ म्हणतात. पुढे १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, बारीक तारेच्या साहाय्याने धातू कापणारे संख्यानियंत्रित यंत्र बाजारात आले. ‘वायरकट’ या नावाने कारागिरांना परिचित असलेले यंत्र ते हेच. यात बहुधा पितळेची, सुमारे ०.२५ मिलिमीटर जाडीची तार वापरतात. ही तार कामाच्या तुकड्याला, म्हणजे ‘जॉब’ला, प्रत्यक्ष स्पर्श करीत नाही. दोहोंमध्ये केसाहूनही अरुंद फट असते आणि त्या फटीत शुद्ध पाणी खेळत राहते.

पाण्याचे कार्य

जो पदार्थ विजेला सहजासहजी वाट देत नाही, त्यास शास्त्रीय परिभाषेत विद्युत् अपारक म्हणतात. फटीतील पाणी प्रथम विजेला अडवून धरते. दाब पुरेसा वाढला, की जेथे अंतर सर्वांत कमी तेथे हा अडसर मोडतो आणि ठिणगी पडते. त्या सूक्ष्म जागी तापमान हजारो अंशांवर जाऊन धातूचा कण वितळतो व काही अंशी वाफ होऊन उडतो. दुसऱ्याच क्षणी वीजप्रवाह बंद होतो. सभोवतालचे पाणी आत शिरते, जागा थंड करते, सुटलेले कण वाहून नेते आणि पुन्हा अपारक होऊन पुढील ठिणगीसाठी सज्ज होते. दर सेकंदाला हजारो वेळा हे चक्र चालते.

साच्यात खोल पोकळी कोरणाऱ्या यंत्रांत आजही मुख्यतः केरोसिनच्या जातीची तेले वापरतात. तेथे विद्युत् अग्राचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे पाण्यातून वीज गळण्याचा संभव अधिक असतो. तारेचे समोर येणारे क्षेत्र मात्र लहान असते. शिवाय पाणी तेलापेक्षा पातळ असल्याने अरुंद फटीत सहज शिरते आणि त्याची उष्णता शोषण्याची क्षमता केरोसिनच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे बारीक तार तापून तुटण्याचा धोका कमी होतो.

कामगारांच्या दृष्टीने पाण्याचा आणखी एक लाभ आहे. तेलाच्या यंत्रात टाकीतील पातळी खाली जाऊन ठिणगी पृष्ठभागाजवळ पडली, तर आग लागू शकते. तेलाचा धूर श्वासाला व त्याचा स्पर्श त्वचेला त्रासदायक ठरतो. पाण्यात हे दोष नाहीत. तथापि ठिणगीने पाण्याचे काही प्रमाणात विघटन होऊन हायड्रोजन सुटत असल्याने खोलीत हवा खेळती ठेवणे आवश्यक असते.

पिण्याचे पाणी का चालत नाही?

‘पाण्यातून वीज वाहते’ हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते आणि ओल्या हाताने विजेचे बटण दाबू नये ही शिकवण योग्यच आहे. वस्तुतः वीज वाहते ती प्रामुख्याने पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या आयनांमुळे. हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, त्यात याच क्षारांचा अंश असतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची भारतीय मानकानुसार स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. अशा पाण्याची विद्युत् संवाहकता सेंटिमीटरला सुमारे ७५० ते ८०० मायक्रोसीमेन्स भरते. वायरकट यंत्राला मात्र ती साधारणतः ५ ते २० मायक्रोसीमेन्सच्या दरम्यान लागते. म्हणजे पिण्यास उत्तम असलेले पाणी या यंत्राच्या दृष्टीने कितीतरी पट अशुद्ध ठरते.

क्षारयुक्त पाणी वापरल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच वीज गळून जाते आणि काप मंदावतो. विद्युत् विश्लेषणामुळे पोलादावर गंज चढतो. कार्बाइडमधील कोबाल्ट विरघळून त्याची बांधणी सैल होते. हा दोष आटोक्यात ठेवण्यासाठी अलीकडील यंत्रांत विजेची दिशा सतत उलटसुलट करण्याची सोय असते.

शाळेत हे तत्त्व सहज दाखविता येते. ९ व्होल्टची बॅटरी आणि योग्य रोधक जोडलेला लहान एलईडी दिवा घ्यावा. तारांची दोन टोके ऊर्ध्वपातित पाण्यात परस्परांना न टेकविता बुडवावीत. दिवा जवळजवळ लागत नाही. चिमूटभर मीठ टाकताच तो उजळतो. या प्रयोगासाठी घरातील विजेची जोडणी कदापि वापरू नये.

शुद्धता टिकविण्याची व्यवस्था

पाणी एकदा शुद्ध केले म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचे कण आणि आयन त्यात मिसळत असतात. म्हणून हे पाणी आधी गाळणीतून आणि नंतर रेझिनच्या मण्यांमधून फिरविले जाते. एका प्रकारचे मणी धन आयन घेऊन हायड्रोजनचे आयन देतात, दुसऱ्या प्रकारचे मणी ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल आयन देतात आणि या दोहोंच्या संयोगाने पाणीच बनते. घरगुती उपकरणाने ‘मृदू’ केलेले पाणी येथे उपयोगी पडत नाही. कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते आणि संवाहकता जवळजवळ तशीच राहते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यासारख्या भागात भूजल थेट वापरल्यास रेझिन लवकर निकामी होईल. तेथे आधी क्षार कमी करून घेणे हितावह ठरते.

वापरानंतरची जबाबदारी

यंत्रातील पाणी दिसायला स्वच्छ असले, तरी त्यात पितळेच्या तारेतील तांबे व जस्त आणि जॉबमधील क्रोमियम, निकेल किंवा कोबाल्ट उतरलेले असू शकते. हे धातू गाळणीत आणि रेझिनमध्ये साठत जातात. विषारी धातू असलेले वापरलेले रेझिन २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत समाविष्ट आहे. ते उकिरड्यावर टाकणे किंवा गाळ गटारात सोडणे म्हणजे पाण्यातून काढलेली अशुद्धी पुन्हा पाण्यातच मिसळणे होय. अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी राज्यात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामूहिक केंद्रे आहेत.

वायरकट यंत्र एखाद्या लहान गाळ्यातही बसू शकते. औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांत असे गाळे असतील, तर तेथील वापरलेली गाळणी, गाळ आणि रेझिन कोठे जाते, याची विचारणा पंचायतीने अवश्य करावी. त्यात उद्योगाला विरोध नाही. नाल्यात गेलेला धातू विहिरीपर्यंत पोहोचल्यावर तो काढणे गावाच्या आवाक्याबाहेरचे असते. गाळ्यातून तो गोळा करून केंद्राकडे पाठविण्यास मात्र एक झाकणाचे पिंप, एक नोंदवही आणि थोडी दक्षता पुरेशी असते.