उजव्या क्लिकची यादी

संगणकावर निबंध टंकताना एखाद्या शब्दावर माउसचे उजवे बटण दाबले, की बाणाशेजारीच एक छोटी यादी उघडते. हिला संदर्भ-मेनू म्हणतात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत बाणाजवळ उघडणाऱ्या याद्या वापरात होत्या. विंडोज ९५ मुळे १९९५ पासून त्या घरोघरी पोहोचल्या. चुकलेल्या शब्दावर क्लिक केले तर यादीच्या माथ्यावर शुद्ध शब्द सुचवलेले दिसतात, चित्रावर केले तर चित्राच्या आज्ञा दिसतात. बटण तेच, मग यादी कशी बदलते?

माउस स्वतः किती सरकला एवढेच कळवतो. त्यावरून संगणक बाणाचे क्ष आणि य निर्देशक ठरवतो. पानावरचे प्रत्येक अक्षर आणि चित्र कोणत्या चौकटीत बसले आहे, याची नोंद प्रोग्रॅमजवळ असतेच. बिंदू कोणत्या चौकटीत पडला, हे तो ताडून पाहतो.

खरी अडचण येथून पुढे आहे. समजा, गुणपत्रकाच्या तक्त्यातील ‘गणित’ या शब्दावर आपण क्लिक केले. तो बिंदू एकाच वेळी ‘णि’ या अक्षरात, ‘गणित’ या शब्दात, तक्त्याच्या एका घरात, आडव्या ओळीत, उभ्या रकान्यात आणि सबंध तक्त्यात असतो. (देवनागरीची आणखी एक गंमत: संगणक ‘णि’ साठवताना आधी ‘ण’ आणि मग वेलांटी साठवतो, डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसते. म्हणून क्लिक वेलांटीवर पडला तरी पूर्ण अक्षरच धरणे योग्य.)

मग सगळ्यांच्याच आज्ञा दाखवल्या तर? येथे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम आड येतो. लक्ष्याच्या अंतराची दुप्पट करा, तिला लक्ष्याच्या रुंदीने भागा आणि उत्तराचा २ या पायाचा लॉगॅरिदम घ्या. हा झाला काठिण्यांक. तो वाढला की हाताला लागणारा वेळही वाढतो. यादीतील ओळ अर्धा सेंटीमीटर उंच आणि बाणापासून २ सेंटीमीटर दूर असेल, तर भागाकार ८ आणि काठिण्यांक ३ येतो. तीच ओळ १६ सेंटीमीटरवर गेली तर भागाकार ६४ आणि काठिण्यांक ६! लांबलचक यादी जवळ उघडण्याचा फायदाच घालवून बसते.

तेव्हा निवड करणे भाग आहे. आधी काही मजकूर निवडलेला असून क्लिक त्याच्या आत पडला, तर त्या निवडीचा मान पहिला. एरवी सर्वांत आतल्या वस्तूपासून, म्हणजे शब्दापासून, सुरुवात करावी आणि बाहेरच्या तक्त्याच्या मोजक्याच आज्ञा खाली द्याव्यात. तक्त्यात नुसते ‘काढून टाका’ असे लिहिणे मला तर धोक्याचे वाटते. काय काढायचे? ‘ओळ काढा’, ‘तक्ता काढा’ असे स्पष्ट लिहिले नाही, तर एका विद्यार्थ्याचे नाव वगळताना साऱ्या वर्गाचे गुण नाहीसे व्हायचे. ‘चिकटवा’ ही आज्ञा मात्र, नक्कल केलेले काही नसले तरी, फिकट करून जागेवरच ठेवावी. हाताला तिची जागा पाठ झालेली असते.

एक तक्ता करून त्यात मुद्दाम एक शब्द चुकीचा लिहा. त्यावर, मग शुद्ध शब्दावर आणि शेवटी दोन घरे निवडून त्यांच्या आत उजवे क्लिक करा. तिन्ही याद्या वहीत उतरवून ताडून पाहा. विंडोजवर माउसला हात न लावता शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबूनही यादी उघडते. आता बाणाचा काही संबंध नाही. मग प्रोग्रॅमने कोणता बिंदू धरला असेल?