वैमानिकाची विश्रांति

ता. १२ फेब्रुवारी २००९ रोजीं अमेरिकेंतील बफेलो शहराजवळ एक विमान कोसळून ५० माणसें प्राणांस मुकलीं. चूक चालकांच्या हातून घडली. परंतु त्या दोघांसही थकवा आलेला असावा, असें चौकशींत दिसून आलें. नियमाप्रमाणें सुटी मिळाली होती. मात्र दोघांपैकीं कोणींही आदली रात्र घरच्या अंथरुणावर काढली नव्हती.

मृतांच्या आप्तांनीं नेटानें पाठपुरावा केला, आणि २०१४ पासून तेथील प्रवासी विमानांस नवे नियम लागू झाले: कामापूर्वीं १० तास विश्रांति, तींत ८ तास अखंड झोंपेस वाव; शिवाय उड्डाणापूर्वीं आपण कामास समर्थ असल्याची वैमानिकाची ग्वाही. सारांश, विसावा देणें हें कंपनीचें काम, तो नीट घेणें हें वैमानिकाचें.

परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्यांनींही हें ध्यानीं धरावें. विश्रांति हा आळस नव्हे. तें कर्तव्याचेंच अंग होय.